मानाप्रमाणे लावलेली यादी

मी एका सरळ माणसाला चोर ठरवलं आहे. मुद्दाम नव्हे, मानपान सांभाळायला गेले म्हणून. घरात हे सांगितलं की नातवंडं हसतात, त्यांना वाटतं अज्जी रंगवून सांगते आहे. म्हणून यंदा लिहूनच काढते. हसायचं असेल त्यांनी त्या वेळच्या माझ्यावर हसावं. हसण्यासारखीच होते मी. इस्त्रीची सुती साडी, ताठ मान, गळ्यात मंगळसूत्राशेजारी कॉम्प्युटरच्या खोलीची किल्ली.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. रामनगरला गोवा रस्त्यावर आमची शेतकऱ्यांची सोसायटी होती. पुढे दुकान आणि ऑफिस, मागे खताचं गोदाम. मी तिथं हिशेबनीस. बेळगावात कॉम्प्युटरचा सहा महिन्यांचा कोर्स केलेली अख्ख्या सोसायटीत मी एकटी, त्यामुळे मशीन आलं तेव्हा ते माझंच झालं. खोलीबाहेर चपला काढायला लावायचे. अध्यक्षांनासुद्धा. एकदा त्यांच्या मोज्याला भोक निघालं, त्यावर मी आठवडाभर मनातल्या मनात हसत होते, पण नियम बदलला नाही.

त्या मशीनवर हिशेब लिहिणारी आम्ही चार माणसं. मी एक. गोदामाचा गोविंद वेळीप दुसरा. बाजारकुणंगच्या बाजूला रानात त्याची वाडी, आणि त्या वाडीतला खुर्चीवर बसून काम करणारा तो पहिलाच. तिसरे कॅशियर कामतमामा. चौथे मॅनेजर पाटीलसाहेब. हे नंबर मी मुद्दाम दिलेले नव्हते. नावं चढवायच्या दिवशी मी आधी स्वतःचं घातलं, तेवढ्यात गोविंद चलन घेऊन दारात आला म्हणून त्याचं, मग मामांचं. पाटीलसाहेब त्या दिवशी खानापूरला लग्नाला गेले होते, ते दुसऱ्या दिवशी चौथे झाले.

पासवर्ड म्हणजे काय ते आता शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. तेव्हा तो दुसऱ्याला सांगू नये हे मलाच कळत नव्हतं, बाकीच्यांना काय कळणार. पाटीलसाहेबांनी मोटारसायकलचा नंबर ठेवला आणि विसरू नये म्हणून मला सांगितला. मामांनी तर, ‘तूच काहीतरी ठेव गं’ म्हणून माझ्यावर सोपवला. गोविंदाला मी विचारलंसुद्धा नाही. ‘तुझा मी घालते,’ म्हटलं आणि त्याच्या वाडीचं नाव इंग्रजी अक्षरांत घालून टाकलं. सगळ्यांचे पासवर्ड मला तोंडपाठ होते, आणि याचा मला जो अभिमान होता तो आठवला की आज कान गरम होतात.

एकदा अध्यक्ष पडद्यावरची नावांची यादी बघत उभे राहिले. म्हणाले, “बाई, हे काय ओ? गोदामाचा माणूस वर आणि मॅनेजर खाली? आणि माझं नाव कुठाय?”

“तुम्ही मशीन वापरत नाही ना, साहेब.”

“वापरत न्हाई म्हणून नावच न्हाई? लग्नाच्या पत्रिकेत आजोबांचं नाव घालतात, ते काय बोहल्यावर चढतात काय?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गावच्या जत्रेत पालखीला पहिला खांदा कुणाचा यावरून भाऊ भावाशी बोलेनासा होतो, अशा मुलखात वाढलेली बाई मी. आणि माझ्याच हातून यादीत असा घोटाळा व्हावा? संधी मिळाली की दुरुस्त करायचं, एवढं मनाशी ठरवून ठेवलं.

संधी पावसानं आणून दिली. आमच्याकडचा पाऊस म्हणजे कपाटातल्या लग्नाच्या शालूला बुरशी आणणारा. फ्लॉपीला यायची, टेपला यायची. मशीनशेजारी मी शंभरचा दिवा पेटवून ठेवायचे, तरी एका श्रावणात ते आतून गंजलं आणि मध्येच बंद पडू लागलं. सोसायटीनं नवं मशीन घेतलं. हिशेब जुन्यावरून नव्यावर न्यायला बेळगावहून इंजिनिअर आले. पन्नाशीचे, शांत, सारखं घड्याळ बघणारे, कारण त्यांना दुपारची बस पकडायची होती.

त्यांनी वायर जोडली, दोन तास हिशेब उतरवला आणि म्हणाले, “अक्का, हिशेब आला. माणसांची नावं आणि पासवर्ड काय येत न्हाईत. ते हिशेबाच्या फाइलीत नसतात, मशीनच्या पोटात वेगळे असतात, आणि पासवर्ड तर वाचायलाबी येत न्हाईत. नावं तुम्हाला नव्यानं घालावी लागतील. पासवर्ड ज्याचे त्याला बोलवून घ्या.”

“बोलवायला कशाला हवं? मला सगळ्यांचे पाठ आहेत.”

ते माझ्याकडे बघतच राहिले. “सगळ्यांचे?”

मला वाटलं माझ्या स्मरणशक्तीचं कौतुक चाललंय. मी मान हलवली. ते पिशवी उचलता उचलता म्हणाले, “नावं जुन्या क्रमानंच घाला हं. पहिला तो पहिला, दुसरा तो दुसरा.” का, ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही. मला वाटलं, पुरुषमाणूस आहे, मानपान काय कळतो त्याला. जुनी ती पद्धत चालू द्या म्हणतोय झालं.

ते बसमध्ये बसले आणि मी यादी लावायला बसले. एक नंबर अध्यक्ष. दोन पाटीलसाहेब. तीन कामतमामा. चार गोविंद. आणि सगळ्यात शेवटी, पाच, मी स्वतः. हा नम्रपणा बघा. लग्नात आलेल्या पाहुण्यांना ओळीनं बसवून आपण मागे उभं राहावं तसं मला वाटत होतं. अध्यक्षांना बोलावून यादी दाखवली. ते चपला काढून आत आले, यादी वाचली आणि म्हणाले, “हां. आता कसं.”

दोन महिने काही झालं नाही. नवी पावती ज्याच्या त्याच्या नावावर बरोबर पडत होती. जुन्याकडे कोण बघतो?

मग ऑडिटर आले. तीन दिवस त्यांनी कागद बघितले, आणि तिसऱ्या दिवशी पाटीलसाहेबांच्या खोलीत मला, मामांना आणि गोविंदाला बोलावलं. त्यांच्या मांडीवर फाइल होती.

इथं थोडं समजावून सांगते. शेतकरी खत घ्यायला आला की पावती व्हायची, पैसे जमा व्हायचे, मग गोदामातून पोती मिळायची. कधी पावती रद्द करावी लागायची. रद्द झाली की पैसे परत. पण समजा कुणी पोतीही बाहेर काढली आणि मागून पावतीही रद्द करून टाकली, तर? ते पैसे कुणाच्या तरी खिशात. म्हणून पावती फक्त मॅनेजरनं रद्द करायची असा आमचा नियम होता. तोंडी नियम. मशीनला तो ठाऊक नव्हता.

ऑडिटर म्हणाले, “गेल्या वर्षातल्या रद्द पावत्या मी काढल्या. एकेचाळीस आहेत. सगळ्या एकाच माणसानं केल्यात. गोविंद वेळीप.”

माल ज्याच्या हातात, त्यानंच पावत्या रद्द केलेल्या. दोन वाक्यांत माणूस संपला.

गोविंद म्हणाला, “साहेब, पावती रद कशी करायची त्येच मला म्हाईत न्हाई.”

“मशीनवर नाव तुझं आहे.”

“न्हाई साहेब. माजी वही बगा. गेलेली पोती, परत आलेली पोती, समदं पेन्सिलीनं लिवलंय.”

ऑडिटर माझ्याकडे वळले. “बाई, याच्या नावानं दुसऱ्या कुणाला नोंद करता येईल?”

आता नीट ऐका मी काय म्हटलं. मी म्हटलं, “नाही, साहेब. पासवर्ड असतो. आणि वहीचं काय घेऊन बसलात, वहीत माणूस काहीही लिहितो. मशीन खोटं बोलत नाही.”

त्या माणसाच्या तोंडावर, त्याच्यासमोर. ती रद्द पावत्यांची यादी एकदा हातात घेऊन बघू द्या, असंसुद्धा मी म्हटलं नाही. घेतली असती तर पहिल्या ओळीतच शुद्धीवर आले असते. पण मला कॉम्प्युटरची बाजू मांडायची होती, जणू तो माझा थोरला मुलगा.

पाटीलसाहेबांनी गोविंदाला चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलं. तो गोदामाला कुलूप लावून माझ्या खोलीच्या दाराशी आला, चपला काढल्या, किल्ली माझ्या टेबलावर ठेवली आणि रागावून नाही, साध्या आवाजात म्हणाला, “अक्का, माजा पासवर्ड तुमीच ठिवलासा. मला तर त्येची अक्षरंबी ध्यानात ऱ्हात न्हवती. मी दर टायमाला तुमास्नीच इचारत हुतो.”

आणि गेला.

मला असा राग आला म्हणता. हा माझ्यावर उलटवतो? रात्रभर धुसफुसले आणि दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडल्या उघडल्या बसले. म्हटलं, याच्या नावानं वर्षभरात जे जे झालंय ते सगळं काढते आणि चौकशीच्या वेळी याच्यापुढं ठेवते. एकट्याचं कशाला, सगळ्यांचं काढते. प्रिंटर कुरकुरायला लागला. मी चहा घेत एक पान ओढलं.

अध्यक्षांचं पान होतं. अध्यक्षांनी श्रावणात पावत्या केल्या होत्या. एक नाही, दोन नाही, सगळ्या. सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत, मधला जेवणाचा तास सोडून. आणि श्रावणात आमचे अध्यक्ष डोळ्याचं ऑपरेशन करून दोन्ही डोळ्यांना हिरवी पट्टी लावून मिरजेला भाच्याकडे पडून होते. त्यांना बघायला आम्ही सोसायटीतर्फे फळं घेऊन गेलो होतो.

चहा कपात तसाच राहिला. दुसरं पान ओढलं. पाटीलसाहेबांनी वर्षभर गोदामात पोती मोजली होती. सहाशे पोती युरिया उतरून घेतला होता. ज्यांनी गोदामाचं दार वर्षातून एकदा दसऱ्याला पूजेपुरतं बघितलं, त्या पाटीलसाहेबांनी.

मामांचं पान मात्र बरोबर होतं. जुन्या यादीत तीन, नव्या यादीतही तीन. म्हणूनच इतके दिवस कुणाला वास लागला नव्हता. ऑडिटरनंही आधी कॅश तपासली होती.

मी खाली बसले. खुर्चीवरच बसले होते, पण खाली बसल्यासारखं झालं. हिशेबात नाव नसतंच. नंबर असतो. शाळेच्या हजेरीपटासारखं. मास्तर ‘चार’ म्हणतात आणि चारवर कोण ते पटावर बघायचं. मी जुना हिशेब तसाच ठेवून पट बदलला होता. मानाप्रमाणे. आता जुन्या हिशेबातला माझा ‘एक’ अध्यक्षांकडे, गोविंदाचा ‘दोन’ पाटीलसाहेबांकडे आणि प्रत्येक ‘चार’ गोविंदाकडे बोट दाखवत होता, आणि तो ‘चार’ होता पाटीलसाहेबांचा.

आणि मग गोविंदाचं पान हातात आलं. एकेचाळीस रद्द पावत्या, तारखेसकट, शेतकऱ्यांच्या नावासकट. पहिलीच कुळगीकडच्या एका म्हाताऱ्याची. खत घेतलं, पूर येऊन वाट बंद झाली, गाडी मिळेना म्हणून पोती परत करून गेला होता. मला त्याचं धोतर आठवलं, गुडघ्यापर्यंत चिखल. दुसरी एका विधवेची. जास्त पोती लिहिली गेली होती. तिसरी. चौथी. एकूण एक मला आठवत होती, कारण एकूण एक मी रद्द केली होती.

पाटीलसाहेबांच्या पासवर्डनं. शेतकरी काउंटरवर उभा असायचा, साहेब खोलीतून ओरडायचे, ‘अक्का, माझा नंबर टाकून उडवून टाक की. मला कशाला उठवतीस?’ मी उडवायचे. कधी आठवड्यात एक, कधी महिन्यात दोन. ऑडिटर ‘एकेचाळीस’ म्हणाले तेव्हा त्या ह्याच, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. चोरी झालीच नव्हती. पण चोर मी दाखवून दिला होता.

पाटीलसाहेबांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मग दार लावून घेतलं.

“म्हणजे आता माझं नाव येणार?”

“नंबर तुमचा आहे साहेब. नाव तेच येणार.”

“अक्का, पासवर्ड तुला दिला हे वर कळलं तर माझी काय शोभा राहील? ऑडिटरचा शेरा गेलाय कारवारच्या ऑफिसला. चार महिन्यांनी आपोआप थंड होईल. त्या गोविंदाला काय, शेती हाय.”

“आणि चोर म्हणून तो वाडीत बसलाय त्याचं?”

“मग तू काय करणार हाईस?”

नोकरी जाईल एवढं दिसत होतं. आमच्या घरात पगार आणणारी मी एकटी, ह्यांना कारखान्यातून कमी केलेलं. तरी मी गोदाम उघडलं आणि गोविंदाची वही काढली. पेन्सिलीची बारीक अक्षरं. एकेक तारीख लावत गेले. चाळीस ठिकाणी, माझ्या रद्द पावतीच्याच दिवशी, ‘परत’ लिहून पोत्यांचा आकडा आणि शेतकऱ्याचा अंगठा. उरलेली एक ती विधवेची, तिनं जास्तीची पोती उचललीच नव्हती, तिथं ‘न्हेली न्हाईत’ असं लिहिलं होतं. वहीत माणूस काहीही लिहितो, म्हणाले होते मी.

मी यादी पुन्हा जुन्या क्रमानं लावली, यादी बदलण्याआधीचं सगळं परत छापलं, वही जोडली आणि वर पत्र लिहिलं. क्रम मी बदलला, पावत्या मी रद्द केल्या, मॅनेजरच्या पासवर्डनं, त्यांच्या सांगण्यावरून. शेवटचे चार शब्द पाटीलसाहेबांनी खोडायला सांगितले. मी खोडले नाहीत. ते पंधरा दिवस माझ्याशी फक्त चिठ्ठीतून बोलत होते.

संचालकांच्या बैठकीत पत्र वाचलं गेलं. अध्यक्षांनी माझ्याकडे बघून विचारलं, “म्हणजे डोळं बांधून पडल्यालं असताना मी एवढ्या पावत्या केल्या?” सगळे हसले. मला तेवढ्यानं धीर आला, पण हसून झाल्यावर त्यांनी माझी दोन वर्षांची पगारवाढ थांबवली. पाटीलसाहेबांना लेखी समज मिळाली. गोविंदाबद्दल ठरावात एक ओळ आली, ‘दोष आढळला नाही’. दोष कुणाचा आढळला ते मात्र कुणी लिहिलं नाही. ते सांगायला मीच गेले.

बसनं बाजारकुणंग, तिथून पायी. चढणीवर दोनदा बसले. वाडीत गोविंद भात कापत होता. त्याची आई खळ्यावर होती. तिनं मला पाणी दिलं, मग पेज दिली, मी खाऊ लागले तेव्हा समोर बसून विचारलं, “बाई, ह्येनं काय चोरलं?”

“काही नाही, आई.”

“मग घरला का बसवलासा?”

म्हटलं, “माझी चूक झाली.” तिनं हाक मारून गोविंदाला बोलावलं.

गोविंद कोयता हातात तसाच घेऊन आला. मी त्याला सगळं सांगितलं. नंबर, पट, पाटीलसाहेब, वही. तो उभ्यानं ऐकत होता. मग म्हणाला, “पयल्या यादीत मी कितवा हुतो?”

“दुसरा.”

“आन मग चवथा केलासा.”

“होय.”

“का?”

त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं, आणि ते त्याच्या आईसमोर, तिची पेज खाता खाता, तोंडातून काढायचं होतं. मी म्हटलं, “मान बघून.”

त्यानं थोडा वेळ कोयत्याच्या धारेवरून अंगठा फिरवला. “बरं,” म्हणाला. आई उठून आत गेली. पेज संपेपर्यंत परत बाहेर आली नाही.

“उरल्यालं भात कापतो आन सोमवारी येतो,” गोविंद म्हणाला. “पर आधी एक काम हाय मशीनवर.”

सोमवारी तो आला. चपला काढल्या, माझ्या खुर्चीवर बसला. मी उठून त्याला जागा दिली होती. म्हणाला, “पासवर्ड बदलायची जागा काढून द्या.” मी काढून दिली. “आता तोंड फिरवा.”

मामा दारातून बघत होते. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले, शाळेत शिक्षा झालेल्या पोरीसारखी. मागे एकेक कळ वाजत होती. गोविंद एका बोटानं टाइप करायचा, अक्षर शोधायला त्याला वेळ लागायचा. टक. मग बराच वेळ काही नाही. मग टक.

“मोजू नका, अक्का,” तो म्हणाला.

मी सहापर्यंत मोजलं होतं. मी दोन्ही कानांवर हात ठेवले.